गाडी चालेल तशी बॅटरी भरेल

"गाडी चालेल तशी बॅटरी भरेल," असं चिरंजीव पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सूनबाई कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि हातातली उशीची खोळ तिने तशीच मांडीवर ठेवली. नवऱ्याच्या तोंडून 'बसेल', 'होईल' नाहीतर 'भरेल' यांपैकी एखादा शब्द बाहेर पडला की पुढे काय होतं हे तिला ठाऊक होतं. मागे एकदा ते 'बसेल' म्हणाले होते ते एका कपाटाबद्दल. ते कपाट अजून जिन्याच्या वळणावर उभं आहे, आणि शेजारीपाजारी त्याला वळसा घालून जातात.

चिरंजीव म्हणजे अप्पांचे चिरंजीव. अप्पा "काय चिरंजीव?" अशी हाक मारायचे ती पन्नाशी उलटली तरी सुटली नाही, आणि "सूनबाई" ही हाकही पंचवीस वर्षांत जुनी झाली नाही. चिरंजीव विमा कंपनीत दाव्यांच्या खात्यात होते. लोकांच्या आगी, चोऱ्या आणि अपघात यांत चूक खुद्द दावा करणाऱ्याचीच कशी आहे हे शोधून काढायचं, हे त्यांचं काम. त्यामुळे जगात कुणावर म्हणून त्यांचा विश्वास नव्हता. स्वतःचा तेवढा अपवाद.

आणि भरायची होती ती बॅटरी अप्पांसाठी. झोपेत अप्पांचा श्वास मध्येच थांबायचा. डॉक्टरांनी एक मशीन दिलं होतं. उशाशी डबी, डबीतून नळी, नळीच्या टोकाला नाकावर बसणारा मुखवटा. "मशीनशिवाय झोपायचं नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं, "रात्री नाही, दुपारी नाही, बसल्याबसल्या डुलकीसुद्धा नाही." अप्पांनी ते ऐकलं, पण मनापासून नाही. आपण झोपलोय आणि घरात काहीतरी चालू आहे, ही कल्पनाच त्यांना सोसवत नव्हती. त्या घरात खोलीबाहेर पडणाऱ्याचा हात आधी बटणाकडे जायचा, मग दाराकडे. लग्न होऊन आल्यावर पहिल्याच आठवड्यात सूनबाई बाथरूममध्ये डोक्याला साबण लावून उभी असताना काळोखात सापडली होती. बाहेरून अप्पांचा आवाज आला, "दिवा कुणी चालू ठेवला होता रे?" आणि पाठोपाठ नवऱ्याचा, "मी केला बंद, अप्पा." बापलेकांच्या आवाजात समाधान नुसतं ओसंडत होतं. "मी आहे ना आत!" ती ओरडली. त्यानंतर हे वाक्य ती त्या घरात इतक्यांदा ओरडली की पुढे पुढे त्याला चाल लागली.

तर मशीन आल्यापासून अप्पा घराबाहेर एक रात्रही राहिले नव्हते, आणि त्यांची थोरली बहीण अक्का दोन दिवसांच्या वाटेवर, पठाराच्या पलीकडे राहत होती. अक्काचे गुडघे गेलेले, तिला येणं शक्य नव्हतं. दर रविवारी फोन यायचा. "येतोस कधी? मी फोटोत जाऊन बसल्यावर?" अप्पा म्हणायचे, "येतो गं." फोन ठेवला की बराच वेळ फोनकडेच बघत बसायचे. लॉजवर उतरायला तयार नव्हते. मुखवटा घालून झोपलेला माणूस बघितला तर सकाळी चहा घेऊन येणारा पोरगा पोलीस बोलावेल, असं त्यांचं म्हणणं होतं.

यावर चिरंजीवांनी ट्रेलर आणला. गाडीमागे ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत दोन बाक, एक पलंग, स्वयंपाकाचा एवढासा ओटा आणि पलंगाखाली बॅटरी. जुनाच घेतला होता. सूनबाईने बघताक्षणी त्याचं नाव ठेवलं 'डबा'.

"रात्री अप्पांचं मशीन या बॅटरीवर चालणार," चिरंजीवांनी समजावलं, "आणि दिवसा गाडीचं इंजिन तिला भरणार. गाडीत वीज तयार होतच असते अगं, ती वायरने मागे न्यायची. रोज रात्री रिकामी, रोज दिवसा भरलेली. साधी गोष्ट आहे."

साधी गोष्ट म्हटल्यावर अर्धी इमारत खाली उतरली. वरच्या मजल्यावरचे काका आयुष्यभर पाणीखात्यात होते, त्यांना जगात सगळीकडे नळच दिसायचे. "वायर बारीक आहे तुमची. एवढ्याशा नळीने टाकी कधी भरायची? जाड टाका." जाड वायर टाकली. समोरच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्या भावोजींनी असंच केलं होतं." पुढे काय झालं ते मात्र त्या सांगेनात, नुसत्या मान हलवत घरात गेल्या. ते चिरंजीवांच्या फार जिव्हारी लागलं. बॅटरीवाल्याने जाड वायरीच्या टोकाला एक चार्जर बसवला. बॅटरी भरत असली की त्यावर हिरवा दिवा लागायचा. गावाबाहेर एक लांब चक्कर मारून आले तर डब्यातली बॅटरी खरोखर भरलेली. चिरंजीव त्या दिवशी जिन्यातल्या कपाटापाशी थांबून त्याच्याकडे बघून हसले.

मग राहिला परवाना.

"हे वाहन आहे का घर?" परिवहन कार्यालयातल्या खिडकीने विचारलं.

"दोन्ही."

"दोन्हीला खिडकी नाही. एक काहीतरी सांगा."

तीन खिडक्या झाल्यावर तपासणी अधिकारी खाली आले, डब्यात वाकून शिरले, टाळक्याला कपाटाची कड लागली, आणि ती कड जणू चिरंजीवांनी मारली अशा नजरेने त्यांच्याकडे बघत म्हणाले, "आत आग लागली तर बॅटरी तोडायची कशी? दाराशी मुख्य बटण पाहिजे. त्याशिवाय सही नाही." दाराच्या आतल्या अंगाला, पायरीवरून हात पोचेल असं मोठं लाल बटण बसलं. ते बंद केलं की बॅटरीचा सगळ्याशी संबंध संपला. ना काही बाहेर जाणार, ना काही आत येणार. बॅटरीवाल्याने ते एकदा खटकन बंद करून दाखवलं, एकदा चालू. सही झाली.

पहिला दिवस झकास गेला. घरच्या विजेवर बॅटरी गच्च भरून घेतली होती. संध्याकाळी एका पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत डबा लावला, अप्पांनी लाजत लाजत मुखवटा चढवला, आणि मशीन सकाळपर्यंत समुद्रासारखं फुसफुसत राहिलं. उजाडल्यावर चिरंजीवांनी पलंगाखाली वाकून काटा पाहिला. तळाला गेला होता.

"तो जाणारच. आता गाडी चालेल तशी भरेल."

गाडी चालली. चहाला थांबले तेव्हा इंजिन चालूच ठेवून चिरंजीव डब्यात जाऊन आले. कपाळावर आठी होती. "काटा जिथल्या तिथे आहे. पण दिवा हिरवा आहे. म्हणजे भरतेय. वेळ लागत असेल." गाडी पुन्हा चालली. दुपारी जेवायला थांबले, अप्पांचे डोळे पेंगुळले, चिरंजीवांनी डबा उघडला, सूनबाईने अंथरूण घातलं, मशीन लावलं. मशीनने एक श्वास घेतला, पिंप् केलं आणि मान टाकली.

"काय झालं?" अप्पा मुखवट्यातून.

"काही नाही, अप्पा. उठा. आज दुपारची झोप नाही."

"बरं." ते निमूट उठून बसले, आणि सूनबाईला वाटलं, भांडले असते तर बरं झालं असतं.

रस्त्याकडेच्या गॅरेजवाल्याने इंजिन चालू करायला लावलं, डब्यात शिरला, हिरवा दिवा बघितला, वायरींना चिमटे लावले. "भरतेय की साहेब. गाडीच नवीन घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी."

"आत्ता भरतेय. चालताना भरत नाही!"

"हे बघा, उभी असताना भरते म्हणजे चालताना भरणारच."

चिरंजीव डब्यातून उतरले, दार लोटलं, गाडीत बसले. पुढच्या तासाभराने थांबून पाहिलं तर काटा तळाशीच. "बघायला गेलं की काम करते, पाठ वळली की थांबते," ते दात आवळून म्हणाले. "आमच्या खात्यातला कामचुकार स्टाफ परवडला." त्यांचे कान लाल झाले होते. गॅरेजवाला लबाड, बॅटरीवाला चोर, चार्जर खोटा, आणि समोरच्या वहिनींच्या भावोजींचं काय झालं ते त्यांनी वेळेवर सांगायला काय हरकत होती?

सूनबाई मनात म्हणत होती, असू दे. संध्याकाळी अक्काकडे पोचू. तिथे घर आहे, भिंतीत वीज आहे. तोवर म्हाताऱ्याला जागं ठेवलं की झालं.

नेमका तेव्हाच अक्काचा फोन आला. "अरे, निघालात ना? मेणबत्त्या घेऊन या वाटेत. काल वादळात खांब आडवे झालेत. दोन दिवस तरी वीज येत नाही म्हणतायत."

पुढे दोन रस्ते फुटत होते. एक वर पठारावर चढत होता, दुसरा वळून मागच्या शहराकडे जात होता. तिथे लॉज होते, भिंतीत प्लग होते. चिरंजीवांनी गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर हात ठेवून बसले.

"अप्पा, परत जाऊ या. रात्र शहरात काढू. पुढच्या महिन्यात, सगळं नीट करून..."

"परत फिरलास तर मी पुन्हा निघायचा नाही," अप्पा म्हणाले. रागाने नाही, माहिती दिल्यासारखं. "मी मला ओळखतो. ती वाट बघतेय. तिला काय सांगू, भावाची झोप आडवी आली म्हणून?"

चिरंजीवांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. पंचवीस वर्षांत त्या नजरेत तिने कधी न पाहिलेलं काहीतरी होतं. काय करायचं ते त्यांना कुणीतरी सांगायला हवं होतं.

"वर चला," सूनबाई म्हणाली. "तुम्ही बॅटरीचं बघा. अप्पांना मी जागं ठेवते."

म्हणायला सोपं होतं. वळणावळणाचा रस्ता, कलतं ऊन आणि जेवलेला म्हातारा, म्हणजे झोपेला आमंत्रणच. अप्पांची मान हळूहळू पुढे यायची, घशात घरघर सुरू व्हायची, आणि मग ती घरघर एकदम थांबायची. ती थांबली की सूनबाई त्यांचा खांदा गदागदा हलवायची. "अप्पा!" "हं? जागा आहे मी." तिने खिडकी उघडली, पाणी शिंपडलं, गाणी म्हणायला लावली. दुसऱ्या कडव्याला अप्पा पुन्हा गेले. तिच्या लक्षात आलं की प्रेमाने हा माणूस जागा राहणार नाही.

"अप्पा, ती तुम्ही माझ्या भावाकडून परत मागून घेतलेली छत्री आठवते?"

एक डोळा उघडला. "माझीच छत्री होती."

"पाऊस चालू होता, अप्पा. तो स्टेशनपर्यंत भिजत गेला."

"मग त्यानं स्वतःची आणायची!" दुसरा डोळाही उघडला. छत्री दोन वळणं पुरली. मग तिने मोडलेला रेडिओ काढला, मग बारशाला न बोलावलेली मामेसासू, मग तिच्या माहेरच्या माणसांना बसायला दिलेली डुगडुगती खुर्ची. सगळी जुनी भांडणं ती एकेक करून चुलीत घालत होती. पुढे चिरंजीव आरशातून घाबरून बघत होते. घरात ज्या विषयांवर बोलायचं नाही असं ठरलं होतं ते सगळे विषय त्यांच्या मानेमागून जात होते. मध्येच थांबून ते डब्यात जाऊन यायचे. "दिवा हिरवा!" असं ओरडत यायचे, आणि पुढच्या थांब्यावर काटा तळाशी.

भांडणं संपत आली. अप्पा पुन्हा कलंडायला लागले. ऊन डोंगराला टेकलं. सूनबाईने शेवटचं हत्यार काढलं.

"अक्का म्हणतात, लहानपणी तुम्ही अंधाराला भ्यायचात."

अप्पा ताठ बसले. "कोण, मी? ती भ्यायची! खोटारडी! सबंध घरात एक दिवा होता आमच्या. खोली बदलली की तोच दिवा काढून दुसरीकडे लावायचा. पुढे दोन झाले, तर अक्का कुणाला दोन जाळू देईना. मी बुटका. मला स्टुलावर उभं करायची आणि म्हणायची, शेवटी बाहेर पडेल त्यानं बटण बंद करायचं, विसरला तर त्याला मागून अंधार खातो. मग मी भिऊन कधीच नाही विसरलो."

"म्हणजे भ्यायचातच."

"ती शिस्त होती! तिनं मला लावली, मी ह्याला लावली." अप्पांचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी पुढच्या सीटवरच्या लेकाच्या खांद्यावर हात ठेवला. "आणि ह्याचं मला कौतुक आहे हो, सूनबाई. एवढा डोक्याला ताप झालाय, पण सकाळपासून बघतोय मी, डब्यातून उतरताना दर वेळी ते लाल बटण बंद करूनच उतरतो. एकदा म्हणून चुकला नाही."

गाडी आपोआप हळू झाली. मग थांबली.

इंजिन चालूच होतं, आणि त्याची वीज मागे जाऊन बंद दारावर डोकं आपटून परत येत होती. चिरंजीवांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला आणि दुसऱ्याच कुणाचा असावा तसा त्याच्याकडे पाहत राहिले. आत गेले की चालू, हिरवा दिवा बघितला, बाहेर पडताना बंद. दर वेळी. हाताने केलं होतं, त्यांना पत्ताच नव्हता.

"अहो," सूनबाई म्हणाली. तिला हसायचं होतं, ओरडायचंही होतं, पण त्या लाल कानांकडे बघून तिने दोन्ही गिळलं. "तुमच्या खात्यात काय लिहितात अशा वेळी?"

"दावा नामंजूर," चिरंजीव घोगऱ्या आवाजात म्हणाले, आणि खाली उतरून डब्याकडे गेले. या वेळी सूनबाईही मागे गेली. त्यांनी बटण चालू केलं, आणि उतरताना डावा हात उजव्या हाताला घट्ट धरून उतरले.

"काय झालं? मी चांगलंच बोललो ना?" अप्पा खिडकीतून विचारत होते. "आता तरी सूनबाई झोपू देईल का मला?"

"नाही, अप्पा. बॅटरी आत्ता कुठे भरायला लागलीय."

काटा चढत होता खरा, पण अक्काचं गाव त्याच्याआधी आलं. दिवेलागणीची वेळ होती आणि गावात दिवा नव्हता. अक्का फाटकापाशी काठी टेकून उभी होती. चिरंजीवांनी वेशीवरच थांबून काटा पाहून घेतला होता. "इतक्यात रात्र निघायची नाही. उभ्याउभ्या फार हळू भरते. अजून चालवायला पाहिजे." आणि अक्काच्या समोरून गाडी पुढे गेली. अप्पांनी काच खाली करून हात हलवला. गावाला वळसा घालून गाडी पुन्हा आली, पुन्हा अप्पांनी हात हलवला, पुन्हा गेली. तिसऱ्या फेरीला अक्काचा फोन आला. "येतोयस, का नुसता दाखवून नेतायत तुला?"

"थांबता येत नाही गं! बॅटरी!"

पुढच्या फेरीला अक्का रस्त्याच्या मधोमध उभी होती, काठी आडवी धरून. चिरंजीवांनी ब्रेक मारला. तिने दार उघडलं, सूनबाईला पलीकडे सरकवलं आणि धाकट्या भावाशेजारी बसली. त्याचा हात तिने हातात घेतला.

"चालव," मग ती भाच्याला म्हणाली आणि भावाकडे वळली. "किती बारीक झालास रे तू. सूनबाई खायला घालत नाही का?"

"तू लोकांना सांगतेस, मी अंधाराला भ्यायचो?"

"भ्यायचासच! स्टुलावर उभा राहून रडायचास!"

आणि गाव काळोखात बुडलेलं असताना एक डबा त्याच्याभोवती फिरत राहिला, आणि त्यापुढच्या गाडीत दोन म्हातारी माणसं तारस्वरात भांडत राहिली. सूनबाईने मान मागे टेकली. तिला आता कुणाला जागं ठेवायचं नव्हतं. कितव्यातरी फेरीला तीच झोपली.

शेवटी काटा पुरेसा वर गेला. डबा अक्काच्या फाटकाशी लागला. अप्पांचं अंथरूण घातलं, मुखवटा बसवला, मशीन सुरू झालं. अक्काने त्या नळीकडे पाहिलं, हसायला तोंड उघडलं आणि न हसता त्याच्या पायांवर चादर ओढली. मग एकेक करून सगळे उतरले. सूनबाई, मग स्वतःचा हात खिशात कोंबून चिरंजीव, आणि सगळ्यांत शेवटी काठी टेकत अक्का. पायरीवर ती थांबली. लाल बटण अगदी हाताशी होतं. तिचा हात, कुणी न सांगता, तिकडे वळला.

"अक्का!" चिरंजीव आणि सूनबाई एकदमच किंचाळले.

आतून, मुखवट्यातून, अप्पांचा घाबराघुबरा आवाज आला.

"अगं, मी आहे ना आत!"

सूनबाई अंगणात खालीच बसली. पंचवीस वर्षं तिने हेच वाक्य त्या घराला शिकवायचा प्रयत्न केला होता, आणि आता ते तिला अगदी चालीत ऐकू आलं होतं.